सॅन फ्रान्सिस्को ते क्रेसंट सिटी: रेडवुडची जंगले किनाऱ्याच्या वाटेने

समुद्रवेडी (धागाकर्ती):

बे एरियातल्या मराठी घरांत भारतातून पाहुणे आले की त्यांना म्यूर वुड्सला फिरवून आणायचे, हा आता जवळजवळ शिरस्ताच झाला आहे. सकाळी गोल्डन गेट पूल, दुपारी म्यूर वुड्स आणि अंधार पडायच्या आत घरी परत. त्यात गैर काही नाही. १९०८ पासून राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलेली ती राई सुंदरच आहे. पण तिथली सर्वांत उंच झाडे साधारण ७९ मीटरवर थांबतात, तर उत्तरेला हम्बोल्ट आणि डेल नोर्ट या परगण्यांत शंभरी ओलांडणारी झाडे आहेत आणि त्यांच्या सावलीत बऱ्याचदा आपल्याशिवाय कोणीही नसते. मी आणि माझा नवरा गेल्या वर्षी उन्हाळा सरता सरता हायवे १ ने किनाऱ्याकिनाऱ्याने निघालो आणि ओरेगनच्या सीमेजवळच्या क्रेसंट सिटीपर्यंत जाऊन आलो. असा प्रवास आखणाऱ्यांनी काय धरावे आणि काय सोडावे, याबद्दलचे माझे मत मांडावे आणि इतरांचे ऐकावे, म्हणून हा धागा काढते आहे.

पहिले आणि ठाम मत असे की, वेळ असेल तर या झाडांकडे समुद्राच्या बाजूनेच जावे. यूएस १०१ हा आतला महामार्ग वेगवान आहे यात शंका नाही. परंतु तो द्राक्षमळ्यांतून आणि तापलेल्या खोऱ्यांतून जातो आणि युकायाच्या आसपास उन्हाळ्यात पारा सहज पस्तिशीपार जातो. त्या उन्हातून एकदम जंगलात शिरणाऱ्याला ही झाडे इथेच का उभी आहेत, याचा पत्ता लागत नाही. किनारी रेडवुड दक्षिण ओरेगनपासून बिग सरच्या दक्षिण टोकापर्यंतच्या एका चिंचोळ्या पट्ट्यातच निसर्गतः वाढतो. या पट्ट्यात जून ते सप्टेंबर पाऊस जवळपास पडतच नाही, आणि तरीही जगातली सर्वांत उंच झाडे इथेच आहेत. या कोड्याचे उत्तर हायवे १ वर गाडीच्या काचेवर येऊन बसते, ते म्हणजे धुके. उन्हाळ्यात समुद्राच्या तळाकडचे गार पाणी किनाऱ्यापाशी वर येते, त्यावरची दमट हवा थंडावते आणि दाट धुके होऊन दऱ्यांमधून आत सरकते. आम्ही बोडेगा बेच्या पुढे गेलो तेव्हा पाऊस नसतानाही वायपर चालू ठेवावे लागत होते, आणि जेनरपाशी रशियन नदी समुद्राला मिळते ते मुख पाहायला उतरलो तेव्हा तिथल्या सीलांचा आवाज येत होता पण सील दिसत नव्हते. पर्यटक म्हणून त्या धुक्याचा वैताग येतो, हे खरे. पुढे जंगलात गेल्यावर मात्र कोरड्या ऋतूत, निरभ्र आकाशाखाली नेच्यांवर वरून टपटप पाणी पडताना पाहिले की त्या वैतागाचा हिशेब लागतो.

समुद्राच्या अगदी तोंडावर ही झाडे उभी राहत नाहीत, कारण खारा वारा त्यांना सोसत नाही. पहिल्या डोंगररांगेच्या आडोशाला, नद्यांच्या गाळाच्या जमिनीत ती सर्वांत जोमाने वाढतात. म्हणूनच या प्रवासात बराच काळ समुद्र दिसतो आणि झाडे दिसत नाहीत, पण त्यांची खूण मात्र वाटेत जागोजागी भेटते. रशियनांनी १८१२ मध्ये वसवलेल्या फोर्ट रॉसच्या भिंती रेडवुडच्या आहेत. मेंडोसिनो हे आज चित्रकारांचे आणि महागड्या खाणावळींचे गाव असले, तरी एकोणिसाव्या शतकात ते लाकूडतोडीसाठी वसले. या किनाऱ्याला धड बंदर नाही. त्यामुळे कड्याच्या टोकावरून खाली समुद्रात लाकडी घसरगुंड्या आणि तारा सोडून फळ्या थेट हेलकावणाऱ्या गलबतांवर उतरवत आणि ती गलबते सॅन फ्रान्सिस्कोला जात. किनाऱ्याने झाडांना पाणी पुरवले आणि त्याच किनाऱ्याने ती कापून नेलीही, हे दोन्ही या एका रस्त्यावरून कळते.

फोर्ट ब्रॅगच्या पुढे हायवे १ समुद्र सोडून आत वळतो. पुढचे किंग रेंजचे डोंगर इतके तुटक आहेत की तिथे रस्ता काढण्याचा नाद सरकारनेच सोडला. त्या भागाला म्हणूनच लॉस्ट कोस्ट म्हणतात. इथून लेगेटपर्यंतचा घाट वळणांचा आणि दमवणारा आहे. लेगेटला खोडातून आरपार भोक पाडलेले झाड आहे आणि पैसे भरून त्यातून गाडी काढता येते. माझे स्पष्ट मत असे की, ते सोडून द्यावे. जिवंत झाडाच्या पोटातून मोटार घालण्याची हौस १९३० च्या दशकातली आहे आणि ती तिथेच राहिलेली बरी.

त्यानंतर येतो अॅव्हेन्यू ऑफ द जायंट्स. हा जुन्या १०१ चा ३१ मैलांचा तुकडा ईल नदीच्या काठाने हम्बोल्ट रेडवुड्स स्टेट पार्कमधून जातो. गाडीतूनही तो देखणा वाटतो. पण फाउंडर्स ग्रोव्हला उतरून तिथल्या सपाट वाटेने एक फेरी मारल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिथे डायरव्हिल जायंट नावाचे झाड आडवे पडलेले आहे. मार्च १९९१ मध्ये ते कोसळले तेव्हा दूरवरच्या रहिवाशाला रेल्वेचा अपघात झाल्यासारखे वाटले होते, असे सांगतात. उभ्या झाडाची उंची मान वर करून कळत नाही, कारण शेंडा दिसतच नाही. ती आडव्या झाडाच्या कडेने चालताना कळते. आम्ही मुळांच्या बाजूने चालायला सुरुवात केली. उपटलेल्या मुळांची चकती माणसाच्या कितीतरी वर उभी होती आणि तिच्यात अजून माती आणि नदीतले गोटे अडकलेले होते. पुढे खोडावर शेवाळ, त्यावर नेचे, नेच्यांत हकलबेरीची झुडपे, आणि एका खाचेत वीतभर उंचीचे हेमलॉकचे रोप. आम्ही बोलत बोलत चालत राहिलो, तरी खोड संपेना.

त्याच्या पुढे ऑरिकपासून क्रेसंट सिटीपर्यंत राष्ट्रीय उद्यान आणि तीन राज्य उद्याने एकमेकांना लागून आहेत, आणि इथे माणसाला मोह होतो की नकाशावरची प्रत्येक राई पाहून घ्यावी. तो आवरावा. एका दिवसात दोनपेक्षा जास्त राया पाहिल्या की डोळे निबर होतात आणि शंभर मीटरचे झाडही 'आणखी एक' वाटू लागते. माझी निवड विचाराल तर जेडेडाया स्मिथ पार्कमधला हाऊलंड हिल रोड, त्याच्या टोकाची स्टाउट ग्रोव्ह आणि वाटेतली ग्रोव्ह ऑफ टायटन्स. हा रस्ता कच्चा आणि अरुंद आहे, घोडागाड्यांच्या काळातला आहे आणि काही ठिकाणी दोन बुंध्यांच्या मधून जेमतेम एक गाडी जाते. दुसऱ्या क्रमांकावर फर्न कॅन्यन, जिथे ओढ्याच्या दोन्ही बाजूंना पंधरा मीटरच्या उभ्या भिंती नेच्यांनी मढलेल्या आहेत. तिथे बूट भिजतातच, त्यामुळे जादा मोजे न्यावेत. आणि उन्हाळ्याच्या महिन्यांत गाडीसाठी आधी परमिट काढावे लागते.

वाटसरू:

धागा फार उपयुक्त आहे. माझे आईवडील पुण्याहून येत आहेत. वडिलांचे गुडघे दुखतात आणि आईला वरंध घाटातसुद्धा उलट्या होतात. तुम्ही वर्णन केलेला फोर्ट ब्रॅग ते लेगेटचा घाट वाचूनच मला घाम फुटला. अशा मंडळींना म्यूर वुड्सच्या पुढे नेण्यात अर्थ आहे का, की त्यांच्यासाठी तेच पुरेसे मानावे?

चालकपती:

धागाकर्तीचा नवरा आणि या प्रवासातला एकमेव चालक या नात्याने मला दोन शब्द बोलणे भाग आहे. हिने हायवे १ चे जे वर्णन केले आहे ते शेजारच्या आसनावरून केलेले आहे. चालवणाऱ्याला त्या रस्त्यावर समुद्र दिसत नाही. त्याला पुढचे वळण, त्याच्या पुढचे वळण आणि मागे चिकटलेला स्थानिक पिकअप ट्रक दिसतो. मागे गाड्या साचल्या की टर्नआउटला, म्हणजे रस्त्याकडेच्या थांबण्याच्या जागेत, बाजूला होऊन त्यांना पुढे जाऊ द्यावे, हा तिथला रिवाज आहे आणि तो पाळल्यास सर्वांचाच रक्तदाब ठीक राहतो.

वाटसरू, तुमच्या आईवडिलांना नक्की न्या, पण १०१ नेच न्या. लेगेटच्या पुढे रस्ता बराच सुसह्य आहे. अॅव्हेन्यू ऑफ द जायंट्स गाडीतून होतो, फाउंडर्स ग्रोव्हची फेरी सपाट आहे, आणि ऑरिकच्या पुढे न्यूटन ड्रुरी पार्कवेवर बिग ट्री वेसाइडला गाडी लावून शे-दोनशे पावलांत एका प्रचंड बुंध्यापाशी पोहोचता येते. त्याच रस्त्याच्या सुरुवातीच्या कुरणात रूझवेल्ट एल्क या मोठ्या हरणांचे कळप चरताना दिसतात, ते वडीलधाऱ्यांना झाडांइतकेच आवडतात. फक्त कोणालाही त्यांच्याजवळ फोटोसाठी उभे करू नका. शरद ऋतूत नर माजावर असतात आणि अंगावर धावून येतात. लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्हची वाटही सोपी आहे. टॉल ट्रीज ग्रोव्ह मात्र त्यांच्यासाठी नाही. तिथे रोज ठरावीक गाड्यांनाच परमिट मिळते आणि खाली उतरलेला सगळा चढ परत चढावा लागतो.

आता आमच्या घरातला जुना वाद इथेही मांडतो. अमेरिकेत गाड्या उजव्या हाताने चालतात. त्यामुळे उत्तरेकडे जाताना समुद्र डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पलीकडे राहतो आणि दर वेळी थांबायचे तर रस्ता आडवा कापावा लागतो. म्हणून शहाण्या माणसाने १०१ ने वर जावे, ताजेपणी जंगले पाहावीत आणि परतताना हायवे १ ने दक्षिणेकडे यावे. समुद्र आपल्या बाजूला राहतो आणि प्रत्येक टर्नआउट हाताशी असते.

समुद्रवेडी:

समुद्र हाताशी राहतो हे मान्य आहे. पण आधी झाडे आणि मग धुके पाहणे मला उलटे वाटते, आणि जंगल पाहून झाल्यावर मेंडोसिनोला थांबण्याची इच्छाच उरत नाही. तेव्हा घर दिसू लागते आणि चालकपती पुढे दामटत राहतात. ज्यांच्या घरी दोघेही गाडी चालवतात, त्यांनी दिशा आपापसांत ठरवावी. वाटसरू यांच्या आईसाठी मात्र १०१ हाच सल्ला माझाही आहे.

रानवाचक:

धुक्याबद्दल थोडी भर घालतो. बर्कलीचे शास्त्रज्ञ टॉड डॉसन यांनी १९९० च्या दशकात मोजमाप करून दाखवले की, रेडवुडच्या जंगलात वर्षभरात येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश पाणी धुक्यातून येते. सुयांसारख्या पानांवर धुक्याचे थेंब साचून खाली टपकतात आणि मुळांना मिळतात, त्याशिवाय पाने स्वतःही पाणी शोषून घेतात. शंभर मीटर उंचीवर मुळांपासून पाणी ओढून नेणे हे इतके अवघड काम आहे की तेच या झाडांच्या उंचीची मर्यादा ठरवते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही मर्यादा १२२ ते १३० मीटर धरली होती. शेंड्याकडे पाण्याचा ताण वाढत जातो, म्हणून तिथली पाने आखूड आणि डहाळीला चिकटलेली असतात, तर खालच्या फांद्यांवरची पाने चपटी आणि पसरलेली असतात. वादळानंतर जमिनीवर पडलेल्या फांद्यांत दोन्ही प्रकार सापडतात. उचलून शेजारी शेजारी ठेवून पाहावेत आणि तिथेच सोडावेत.

मुळांबद्दल लोकांचा हमखास गैरसमज असतो. एवढ्या उंच झाडाचे सोटमूळ खोल गेलेले असणार, असे वाटते. प्रत्यक्षात सोटमूळ नसतेच. मुळे तीन-चार मीटरपेक्षा खोल सहसा जात नाहीत, परंतु चहूकडे तीस मीटरपर्यंत पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. डायरव्हिल जायंटची जी चकती तुम्ही पाहिली, ती म्हणूनच रुंद आणि उथळ आहे. बुंध्याजवळची माती पायांनी दाबली गेली की या उथळ मुळांना हवा-पाणी मिळत नाही. ठिकठिकाणी फळ्यांच्या वाटा बांधल्या आहेत त्या चिखलासाठी नव्हे, यासाठी.

आणखी एक घोटाळा इथे आधीच निस्तरलेला बरा. सिक्वोया नॅशनल पार्कमधला जनरल शर्मन हा वेगळ्या जातीचा, सिएरा नेवाडाच्या उंच डोंगरात वाढणारा वृक्ष आहे. आकारमानाने तो जगात पहिला आहे, पण उंचीत किनारी रेडवुड त्याला मागे टाकतो. गंमत अशी की किनारी रेडवुडचे शंकू जेमतेम सुपारीएवढे असतात. बी रुजून झाड होण्याचे प्रमाणही फार कमी. हे झाड मुख्यतः बुंध्यापासून फुटव्यांनी वाढते. मूळ झाड पडले किंवा तोडले की भोवती वर्तुळात नवी झाडे उभी राहतात. अशी कडी दिसली तर मधोमध उभे राहून पाहावे. मध्ये एकेकाळी केवढा बुंधा असेल याचा अंदाज येतो.

नव्याने_आलेली:

आम्ही दोघे नुकतेच सॅन होजेला राहायला आलो आहोत. जगातले सर्वांत उंच झाड हायपेरियन पाहायचेच, असे माझ्या यजमानांनी ठरवले आहे. ते नेमके कुठे आहे आणि तिथपर्यंत चालत किती वेळ लागतो, हे कोणी सांगू शकेल का?

रानवाचक:

सांगू नये आणि जाऊही नये, असे माझे उत्तर आहे. हायपेरियन २००६ मध्ये क्रिस अॅटकिन्स आणि मायकेल टेलर यांना सापडला. त्याची उंची सुमारे ११६ मीटर आहे आणि त्याची जागा उद्यानाने कधीच जाहीर केली नाही. तरीही ती आंतरजालावर फुटली आणि वाट नसलेल्या उतारावरून लोक तिथे जाऊ लागले. बुंध्याभोवतीचे नेचे तुडवले जाऊन नाहीसे झाले, माती घट्ट झाली, आजूबाजूला कचरा आणि मानवी विष्ठा साठली. २०२२ पासून तो परिसर बंद आहे. पकडले गेल्यास पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. व्हिसावर असलेल्यांनी तर या फंदात अजिबात पडू नये. शिवाय खालून त्याचा शेंडा दिसत नाही, त्यामुळे ते शेजारच्या झाडापेक्षा उंच आहे हे डोळ्यांना कळण्याचा प्रश्नच नाही. ग्रोव्ह ऑफ टायटन्सचीही हीच गत झाली होती, पण तिथे आता जमिनीपासून वर उचललेली वाट बांधली आहे. यजमानांना तिथे न्या.

इतिहासप्रेमी:

धागाकर्तीने गलबतांचा उल्लेख केला, म्हणून लिहितो. सोन्याच्या शोधात १८४९ नंतर जी माणसे आली त्यांतल्या अनेकांना सोने मिळाले नाही. त्यांना हे लाल सोने मिळाले. रेडवुडचे लाकूड सरळ, हलके आणि वाळवीला दाद न देणारे असते. सॅन फ्रान्सिस्को त्याच लाकडाने बांधले गेले आणि १९०६ च्या भूकंपानंतर बरेचसे पुन्हा त्याच लाकडाने उभे राहिले. युरेकात लाकूडव्यापारी विल्यम कार्सन याचा १८८० च्या दशकातला वाडा अजून उभा आहे. तो बाहेरून अवश्य पाहावा, कारण आत प्रवेश नाही. जी जुनी जंगले होती त्यांपैकी सुमारे पाच टक्केच आज शिल्लक आहेत. आपण जी राई पाहतो ती या उरलेल्या पाचातली असते आणि दोन राया जोडणाऱ्या रस्त्यावर जे हिरवे जंगल दिसते ते बहुतेक तोडीनंतरचे असते. हा फरक ओळखता आला की प्रवासाचा रंगच बदलतो.

ही पाच टक्के वाचली ती मुख्यतः १९१८ मध्ये स्थापन झालेल्या सेव्ह द रेडवुड्स लीगमुळे. लोकांकडून देणग्या घेऊन राई विकत घ्यायची आणि ती राज्याला द्यायची, अशी त्यांची पद्धत होती. जागोजागी देणगीदारांच्या नावाच्या पाट्या दिसतात त्या यामुळे. रॉकफेलर फॉरेस्ट तशाच मोठ्या देणगीतून आले. याच लीगच्या संस्थापकांपैकी मॅडिसन ग्रँट हा उघड वंशवादी लेखक होता आणि प्रेरी क्रीक पार्कमध्ये त्याच्या नावाचे स्मारक होते. २०२१ मध्ये ते काढून टाकले गेले. वृक्षप्रेम आणि माणसांचा तिरस्कार एकाच डोक्यात नांदू शकतात, हे पचवायला अवघड आहे, परंतु जंगलाचा इतिहास सांगताना ते वगळणे मला योग्य वाटत नाही.

राष्ट्रीय उद्यान १९६८ मध्ये झाले, पण ते इतके अपुरे होते की वरच्या उतारांवर तोड चालूच राहिली आणि गाळ वाहून रेडवुड क्रीकच्या काठची उंच झाडे धोक्यात आली. म्हणून १९७८ मध्ये ते वाढवले गेले. त्याला विरोध म्हणून लाकूडतोड्यांनी रेडवुडच्या ओंडक्यातून एक अजस्र भुईमुगाची शेंग कोरली आणि ती ट्रकवर घालून थेट वॉशिंग्टनला नेली, कारण अध्यक्ष कार्टर हे भुईमुगाचे शेतकरी. कार्टर यांनी ती स्वीकारली नाही. शेंग परत आली आणि पुढे कित्येक वर्षे ऑरिकला रस्त्याच्या कडेला पडून होती. ऑरिकमधून जाताना विस्मरणात गेलेल्या दुकानांच्या पाट्या पाहिल्या की त्या विरोधामागे पोटाचा प्रश्न होता, हेही लक्षात येते.

आणि या सगळ्याच्या आधीपासून ही भूमी युरोक आणि तोलोवा लोकांची आहे. युरोक लोक पडलेल्या रेडवुडच्या फळ्यांची घरे बांधत आणि एकाच ओंडक्यातून होड्या कोरत. क्लॅमथ नदीवर त्या होड्या आजही चालतात. ऑरिकजवळची जुन्या आरागिरणीची जागा युरोक जमातीला परत देण्याचा करार २०२४ मध्ये झाला.

समुद्रवेडी:

इतिहासप्रेमी, शेंगेची गोष्ट वाचून घरात हशा पिकला. लेडी बर्ड जॉन्सन ग्रोव्हकडे जाताना रस्त्याच्या एका बाजूला जुनी राई आणि दुसऱ्या बाजूला काडीसारखी दाटीने उभी झाडे दिसली होती. ती तोडीनंतरची असणार, हे आता जुळले.

सुगरण:

मी एका वेगळ्या गोष्टीकडे लक्ष वेधते. आपण मराठी माणसे प्रवासाला निघालो की चिवडा, भाकरवडी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या घेतोच, आणि त्या भागात शाकाहारी जेवण मिळणे कठीण असल्याने ते शहाणपणाचेही आहे. परंतु या जंगलात चिवड्याचा एक कणही खाली सांडू देऊ नये. मार्बल्ड म्युरलेट नावाचा समुद्रपक्षी मासे समुद्रात पकडतो आणि अंडे घालायला मात्र आत येऊन जुन्या रेडवुडच्या रुंद, शेवाळलेल्या फांदीवर बसतो. तो घरटे बांधतो कुठे हे शास्त्रज्ञांना इतके दिवस ठाऊकच नव्हते. इथले पहिले घरटे १९७४ मध्ये बिग बेसिनमध्ये सापडले. तो एका हंगामात एकच अंडे घालतो. माणसांच्या खाण्याचे कण मिळू लागले की निळे स्टेलर जे आणि डोमकावळे त्या भागात वाढतात, आणि तेच पक्षी म्युरलेटचे अंडे शोधून खातात. त्यामुळे तिथल्या कॅम्पग्राउंडवर कण न सांडण्याची मोहीमच चालते. पुऱ्या गाडीत खाव्यात, चिवडा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, आणि लहान मुलांच्या हातात तर जंगलात तो देऊच नये.

दक्षिणवासी:

आम्ही सांताक्रूझजवळ राहतो, म्हणून दक्षिणेकडच्या जंगलाचीही नोंद इथे असावी असे वाटते. बिग बेसिन हे १९०२ मध्ये स्थापन झालेले कॅलिफोर्नियातले सर्वांत जुने राज्य उद्यान. ऑगस्ट २०२० मध्ये विजा पडून लागलेल्या आगीत त्याचा जवळजवळ सगळा भाग जळाला आणि मुख्यालयाची जुनी इमारत गेली. डग्लस फर जातीचे वृक्ष बहुतेक मेले. रेडवुडची साल फूटभर जाड असते आणि तिच्यात राळ नसते, त्यामुळे ते वाचले. २०२२ च्या उन्हाळ्यात उद्यान मर्यादित स्वरूपात उघडले, तेव्हा आम्ही गेलो. काळाठिक्कर बुंधा आणि त्याला खालपासून वरपर्यंत थेट सालीतून फुटलेली हिरवी पालवी, फांद्या मात्र नाहीतच, असे झाड मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. हात लावला तर तळवा काळा झाला. ज्यांना उत्तरेला जाणे जमणार नाही, त्यांनी म्यूर वुड्सऐवजी इथे यावे. सावली फारशी नाही, पण हे झाड दोन हजार वर्षे कसे टिकते याचे उत्तर इथे मिळते. जाण्याआधी पार्किंगचे आरक्षण तेवढे पाहावे.

चालकपती:

दक्षिणवासी यांची सूचना उत्तम आहे. आता चालकांसाठी उत्तरेकडचे थोडे व्यवहाराचे सांगतो. क्रेसंट सिटीच्या दक्षिणेला १०१ वर लास्ट चान्स ग्रेड नावाचा टप्पा आहे. तिथे अख्खा डोंगर समुद्राकडे सरकतो आहे, त्यामुळे दुरुस्ती सतत चालू असते आणि एकाच मार्गिकेवरून आळीपाळीने गाड्या सोडतात. अर्धा तास हाताशी ठेवावा. जंगलात फोनला रेंज नसते, म्हणून नकाशे आधी उतरवून घ्यावेत. पेट्रोल युरेकाला भरून घ्यावे, पुढे ते महाग आणि विरळ आहे. क्रेसंट सिटीत किनाऱ्यालगत खोली घेतली तर त्सुनामीच्या वेळी कुठल्या दिशेने पळायचे ते दाखवणाऱ्या पाट्या दिसतील. घाबरू नका, पण त्या वाचा. मार्च १९६४ मध्ये अलास्कातल्या भूकंपानंतर आलेल्या लाटांनी या गावात अकरा जणांचा बळी घेतला होता.

नव्याने_आलेली:

सर्वांचे मनापासून आभार. हायपेरियनचा बेत आम्ही रद्द केला आहे. एकच शेवटची शंका आहे. आमच्या लग्नाचा वाढदिवस डिसेंबरात असतो आणि यजमानांना रजा तेव्हाच मिळते. त्या दिवसांत जावे, की सप्टेंबरची वाट पाहावी?

समुद्रवेडी:

सप्टेंबर-ऑक्टोबरात धुके ओसरू लागते, गर्दी कमी होते आणि हवा सर्वांत मोकळी असते, म्हणून निवड करता आली तर तेच महिने घ्यावेत. डिसेंबरात पाऊस हमखास भेटतो, पाचच्या आत अंधार पडतो आणि दिवसाला एकच राई नीट पाहून होते. पण भिजलेली साल गडद तांबडी दिसते, बुरशी आणि भूछत्रे सगळीकडे उगवलेली असतात, केळ्याच्या रंगाच्या गोगलगाई वाटेवर येतात आणि माणसे जवळजवळ नसतात. दोघांनीच जायचे असेल तर मी डिसेंबरातही जाईन. मात्र तेव्हा हायवे १ चा हट्ट धरू नका, कारण पावसाळ्यात तिथे दरडी कोसळतात. १०१ ने थेट आर्केटाला जा, तिथे मुक्काम ठेवा आणि रोज सकाळी हवामान पाहून प्रेरी क्रीक किंवा जेडेडाया स्मिथ ठरवा. मोठे वादळ गेल्यावर लगेच राईत शिरू नका, कारण उंचावर तुटून अडकलेल्या फांद्या नंतर दोन-दोन दिवस पडत राहतात. हाऊलंड हिल रोड पावसात बंदही असतो, त्यामुळे निघण्यापूर्वी उद्यानाच्या कार्यालयात फोन करून विचारून घ्या.